मॉस्कोची मान

शनिवार, १० फेब्रुवारी १९९०. सकाळी साडेदहाला हरलांपी द्रेनकोव्हच्या दाराची घंटा वाजली. या तारखेला ती बारा वर्षांत वाजली नव्हती.

तो टेबलावर मधाची बरणी ठेवत होता. संत हरलांपीचा दिवस म्हणजे त्याचा नावदिवस. नावदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि ज्याचं नाव असतं तो सकाळपासून ताटं मांडून बसतो. किती मांडायची, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. हरलांपीनं दोन मांडली होती. त्यातलं एक त्याचं स्वतःचं. दाराला कडी लावलेली नव्हती. या दिवशी तो ती लावत नसे. म्हणूनच घंटा ऐकून त्याला वाटलं, विजेच्या मीटरवाला असेल.

"दार उघडंच आहे," तो आतून म्हणाला.

"मला काय माहीत, अजून उघडं ठेवता ते." दारात एव्हलोगी पानोव्ह उभा होता. एका हातात राकियाची, फळांच्या दारूची बाटली, दुसऱ्या हातात चामड्याची बॅग. "नावदिवसाच्या शुभेच्छा. नाव जिवंत राहो, धडधाकट राहो."

एव्हलोगी एके काळी त्याचा उपमंत्री होता. नंतर हरलांपीच्याच खुर्चीत बसला, त्याच गाडीतून फिरला, ड्रायव्हरसुद्धा तोच ठेवला. आता एकसष्ट वर्षांचा होता. नोव्हेंबरात राजधानीत, सोफियात, पक्षाचे पहिले सचिव पायउतार झाले, तेव्हापासून तो पक्षातल्या सुधारणावाल्यांमध्ये होता.

"बस," हरलांपी म्हणाला. "ओव्हरकोट काढ. नाहीतर राहू दे, घर गार आहे."

"आता तुम्हाला कॉम्रेड म्हणायचं की नाही, हे सोफियात कुणालाच कळत नाहीये. मी आपलं हरलांपीदादा म्हणतो."

"तेरा वर्षांत काहीच म्हणाला नाहीस. त्यापेक्षा दादा बरं."

एव्हलोगी हसला आणि मांडलेल्या दुसऱ्या ताटासमोर बसला. ते ताट खरं तर त्याच्या बायकोचं, स्तोयनाचं होतं. हरलांपीनं मधाची बरणी त्याच्याकडे सरकवली.

या लहानशा बंदराच्या गावात, लोममध्ये, तो १९७७ च्या एप्रिलपासून राहत होता. एका डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात त्याला बरण्यांच्या गोदामावर नेमलं होतं. सोफियाला जायचं तर परवानगी घ्यावी लागे. त्यानं ती मागितली नाही. त्याआधी नऊ वर्षं देशाचा अन्न आणि उद्योगाचा कारभार त्याच्या हातात होता. मधमाशा पाळणाऱ्याचा मुलगा. युद्ध संपल्यावर पक्षानं नियोजन शिकायला मॉस्कोला पाठवला. पाच वर्षांनी परतला तो तीन गोष्टी घेऊन: पदवी, पोटाचं दुखणं आणि मॉस्कोची मान.

ही मानेची गोष्ट घरातली थट्टा होती. आपल्या देशात, सोफियापासून लोमपर्यंत, हो म्हणायचं तर मान आडवी हलते, नाही म्हणायचं तर खाली-वर होते. मॉस्कोत बरोबर उलटं. तिथं पाच वर्षं काढलेला माणूस परतल्यावर काही दिवस घोटाळे करतो आणि मग सुधारतो. हरलांपी पुरता सुधारला नाही. रशियन माणूस समोर असला की त्याची मान तिकडची व्हायची, आपला माणूस असला की इकडची. आणि दमला असला तर कुठलीही. नवीन लग्न झालेलं असताना स्तोयनानं विचारलं होतं, "सूप आणखी वाढू?" त्यानं मान खाली-वर केली. तिनं भांडं उचलून नेलं. तो उपाशी उठला. तेव्हापासून ती दर वेळी विचारायची, "ही मॉस्कोची मान की आपली?"

मंत्री असताना नावदिवसाला साठ-सत्तर माणसं यायची. शेजाऱ्यांकडून टेबलं आणावी लागत. कारखान्यांचे संचालक मधाच्या बरण्या घेऊन येत. मधमाशा पाळणाऱ्याच्या मुलाला मध, आणि तोही दुकानातला. स्तोयना त्या बरण्या रांगेत लावायची आणि पाहुणे गेल्यावर म्हणायची, "यातला एकही माणूस तुला विचारून आला नाही आणि एकही मनापासून आला नाही." तेव्हा त्याला तिचं हे बोलणं आवडायचं नाही.

लोममधल्या पहिल्या वर्षी तिनं बारा ताटं मांडली होती. दुपारी तीनपर्यंत दोघं चांगल्या कपड्यांत बसून राहिले. मग तिनं दहा ताटं उचलून ठेवली आणि म्हणाली, "जेव." पुढच्या वर्षी सहा. त्याच्या पुढच्या वर्षी दोन.

"तुम्हाला काहीतरी दाखवायचंय," एव्हलोगी म्हणाला. त्यानं पावाचा तुकडा मोडला, मधात बुडवला, खाल्ला आणि बोटं पुसून बॅग उघडली. दोन कागद बाहेर काढले. पहिला टंकलिखित होता. त्यावर 'अतिगुप्त' असा शिक्का होता आणि त्या शिक्क्यावर दुसरा शिक्का मारून तो रद्द केलेला होता.

"वाचा. खालून चौथी ओळ."

हरलांपीला वाचायची गरज नव्हती. तरी त्यानं चष्मा लावला.

'पहिले सचिव: हरलांपी, तू काय म्हणतोस? जमेल?

कॉ. द्रेनकोव्ह (मानेनं): नाही.'

९ मार्च १९७७. बंद दाराआडची बैठक. विषय होता दोल्ना लाकाचा पोलाद कारखाना. आधीच मोठा असलेला उत्पादनाचा आकडा दुप्पट करायचा होता. दोल्ना लाकात खनिज नव्हतं आणि पाणीही पुरेसं नव्हतं. पाण्याबद्दल हरलांपीनं जानेवारीत चार पानांचं टिपण लिहिलं होतं आणि ते फक्त एव्हलोगीला दाखवलं होतं. एव्हलोगी म्हणाला होता, "छान लिहिलंय. खणात ठेवा." ते त्यानं खणात ठेवलं.

बैठकीच्या दिवशी त्याचा घसा बसला होता. गळ्याला मफलर होता, तोंडून आवाज फुटत नव्हता. समोर मॉस्कोहून आलेला सल्लागार बसला होता. प्रश्न आला तेव्हा हरलांपीनं सल्लागाराकडे पाहिलं आणि मान दोनदा खाली-वर केली. सल्लागार समाधानानं हसला. खोलीतली बाकीची चौदा माणसं हसली नाहीत. पहिल्या सचिवांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं आणि पुढचा विषय घेतला. कुणी पुन्हा विचारलं नाही. त्या खोलीत पुन्हा विचारायची पद्धत नव्हती.

बाहेर पडताना एव्हलोगीच त्याच्या कानाशी लागला होता. "हिंमत केलीत. पण मला आधी सांगायचं होतं."

"कसली हिंमत?" हरलांपीनं घोगऱ्या आवाजात विचारलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

बावीस दिवसांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' त्याला पदावरून दूर केलं.

"तुम्हाला कल्पना नाही," एव्हलोगी आता सांगत होता. "हा कागद गेल्या महिन्यात बाहेर आला. सोफियात हातोहात फिरतोय. तीस वर्षांत त्या खोलीत एक माणूस नाही म्हणाला. एकच. दोल्ना लाकाची तीन गावं उठली, विहिरी आटल्या, हे आता सगळे उघड बोलतात. आणि कोण नाही म्हणालं, तर द्रेनकोव्ह. पुढच्या रविवारी सभा आहे, अठराला, सकाळी अकरा वाजता. दोल्ना लाकाची माणसं दोन बस भरून येणार आहेत. तुम्ही फक्त यायचं, पाच मिनिटं बोलायचं. जूनमध्ये निवडणूक आहे. यादीत चौथं नाव तुमचं."

"आणि पहिलं?"

"पहिलं माझं," एव्हलोगी म्हणाला. "आता हसू नका."

"हसत नाहीये. चेहराच असा झालाय."

"दादा, तुमच्यामुळे आम्हाला बळ येईल. आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं लागलेलं आहे. एक स्वच्छ माणूस पाहिजे."

"मी तेव्हा हो म्हणालो होतो," हरलांपी म्हणाला.

एव्हलोगीनं त्याच्याकडे पाहिलं. मग बॅगेतून काढलेला दुसरा कागद, जो आतापर्यंत त्यानं ताटाखाली ठेवला होता, पुढे सरकवला. हा हातानं लिहिलेला होता. निळी शाई, हरलांपीचं तिरकं अक्षर.

'९ मार्चच्या बैठकीत माझ्या मानेचा चुकीचा अर्थ घेतला गेला. पाहुणे समोर असल्यानं मी त्यांच्या पद्धतीनं होकार दिला होता. प्रस्तावित आकड्याला माझी पूर्ण आणि बिनशर्त संमती आहे, याची कृपया नोंद घ्यावी.'

तारीख १० मार्च. खाली सही.

"हे तुमच्या फायलीत होतं," एव्हलोगी म्हणाला. "दुसरी प्रत नाही. मी स्वतः शोधलं, दोनदा. त्यावर कुणी शेरासुद्धा मारलेला नाही. खोलीत नाही म्हणतो आणि कागदावर हो म्हणतो, असा माणूस जास्त धोक्याचा वाटला असणार त्यांना. ते जाऊ दे. हे मी तुमच्याकडे ठेवून जातो."

"मी काय करू याचं?"

"तुमच्याकडे शेगडी आहे ना?"

"लाकडाची आहे."

"मग झालं." एव्हलोगी उठला, ओव्हरकोटाची बटणं लावली. दाराशी थांबला. "हरलांपीदादा, एक खरं सांगा. तुम्ही ते टिपण लिहिलं होतं. चार पानं. मी वाचली आहेत. तुम्हाला ठाऊक होतं ते जमणार नाही म्हणून. मग त्या दिवशी तुमच्या मानेनं तुम्हाला न विचारता खरं सांगून टाकलं, असं का नाही समजत?"

"मान माझीच होती ना."

"तेच म्हणतोय मी," एव्हलोगी म्हणाला आणि जिना उतरून गेला. खाली काळी गाडी उभी होती. समोरच्या इमारतीत दोन पडदे हलले.

हरलांपीनं पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर मधाची बरणी ठेवली. मग बसून राहिला. त्याला काळजी पत्राची नव्हती. पत्र त्यानं लिहिलं हे त्याला कधीच विसरता आलं नव्हतं. काळजी स्तोयनाची होती.

तिला पत्राबद्दल माहीत नव्हतं. ९ मार्चच्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिनं त्याचा मफलर सोडला, चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा तू त्यांना आपली मान दाखवलीस." थट्टेनं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तो काही बोलला नाही. घसा बसलेला होता, हे कारण हाताशी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन त्यानं पत्र लिहिलं.

मग लोम. तिनं त्याच कारखान्यात बरण्या धुतल्या. सहा हिवाळे. हात फुटले, त्यांना ती रात्री मध लावायची. कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "माझा नवरा नाही म्हणाला होता. तुमचा कधी म्हणालाय?" त्यानं तिला एकदाही अडवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तो आवाज येऊनही गप्प राहिला.

१९८३ च्या नोव्हेंबरात इस्पितळात तिनं विचारलं, "मी बरी होईन का?" त्यानं मान खाली-वर केली. ती उशीवर पडल्या पडल्या हसली. "मॉस्कोची की आपली?"

"मॉस्कोची," तो म्हणाला.

अकरा दिवसांनी ती गेली.

साडेबाराला दार वाजलं. शेजारची गेना होती. बारा वर्षं ती वर्षभर मीठ-तेल मागायला यायची आणि १० फेब्रुवारीला तिच्या घराचे पडदे बंद असायचे. आज तिच्या हातात कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं पातेलं होतं.

"नाव जिवंत राहो, हरलांपीभाऊ. जास्त झालं होतं, म्हटलं द्यावं."

"दरवर्षी कमी पडायचं वाटतं."

"टोचा, टोचा," गेना म्हणाली आणि बसली. "तुमची जीभ तुरुंगात घालायला हवी होती, मान नाही. गाडी कुणाची होती?"

दोननंतर गोदामातला पेन्शनर आला, बायकोसह. मग नगरपालिकेतला एक जण, ज्याला हरलांपी ओळखत नव्हता. मग आणखी तिघं. ताटं कमी पडली. गेनानं आपली आणली. सगळ्यांना बातमी कळलेली होती. सगळे राकिया पीत होते आणि तो कसा नाही म्हणाला, हे त्यालाच सांगत होते. नगरपालिकेवाल्याच्या गोष्टीत त्यानं टेबलावर मूठ आपटली होती. हरलांपी ऐकत होता. खोली उबदार झाली होती. इतकी माणसं श्वास घेत असली की खोली किती लवकर तापते, हे तो विसरला होता. त्याला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय हेही त्याला दिसत होतं. एकदा कुणीतरी पावाला लावायला मधाची बरणी उचलली. त्यानं पटकन पत्र ओढून खिशात घातलं.

सात वाजता टेलिफोन आला. नेवेनाचा.

मुलगी प्लॉव्हदिव्हला असायची, नवऱ्याच्या आडनावानं. नवऱ्याच्या नोकरीला तिच्या बापाचं नाव झेपणारं नव्हतं. आईच्या अंत्यविधीला आली होती, दुपारच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर वर्षाला एक कार्ड, पाठवणाऱ्याच्या पत्त्याशिवाय.

"बाबा, नाव जिवंत राहो."

"तुझंही."

"मागे कोण बोलतंय? माणसं आहेत का घरी?"

"आहेत. सात-आठ."

"आईला किती बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "बाबा, मी तो कागद वाचला. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी आणला होता. मी तिथंच सांगितलं, हे माझे वडील. मोठ्यानं सांगितलं. आई मला नेहमी सांगायची आणि मी तिला म्हणायचे, हळू बोल. तिला मी शेवटपर्यंत हळू बोल म्हणत राहिले."

"नेवेना."

"मी रविवारी येतेय. सभेला. एकटी नाही, सगळेच येतोय. तुम्ही मला ओळखाल ना? केस पांढरे झालेत."

त्यानं मान हलवली. मग टेलिफोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन तो म्हणाला, "ओळखीन."

पाहुणे साडेआठपर्यंत गेले. गेनानं भांडी विसळली. त्यानं शेगडीत लाकूड घातलं, झाकण उघडं ठेवलं, खिशातून पत्र काढलं आणि उभा राहून पुन्हा वाचलं. 'पूर्ण आणि बिनशर्त.' हे दोन शब्द त्या दिवशी त्याला कुणी सांगितले नव्हते. एकही पुरला असता. लाकूड जळून गेलं. त्यानं झाकण लावलं.

त्या आठवड्यात तो दोनदा दफनभूमीत जाऊन आला. पत्र दोन्ही वेळा सोबत होतं. तिथं त्यानं ते उघडलं नाही. मोठ्यानं वाचायचं म्हटलं तर बाजूच्या थडग्याशी नेहमी कुणीतरी असायचं, आणि मनात वाचलेलं तिला ऐकू जाईल असं मानणारा तो नव्हता. बुधवारी एव्हलोगीचा माणूस एक टाईप केलेलं भाषण देऊन गेला. सव्वा पान. पहिलं वाक्य होतं: 'त्या दिवशी मी नाही म्हणालो, कारण मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.' हरलांपीनं ते दोनदा वाचलं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चूक नव्हती.

रविवारी, १८ फेब्रुवारीला, तो पहाटे सहाच्या बसनं निघाला. सोफियात पोहोचायला पावणेदहा झाले. तेरा वर्षांनी शहर पाहताना त्याला मुख्यतः आवाज जास्त वाटला. सभागृहाच्या पायऱ्यांवर एव्हलोगी उभा होता.

"शेगडी चालते ना?" त्यानं हळूच विचारलं.

"चालते."

एव्हलोगीनं त्याचा खांदा दाबला आणि आत नेलं.

सभागृह भरलं होतं. पुढच्या आठ रांगांत दोल्ना लाकाची माणसं होती. काळे कोट, काळे रुमाल, मांडीवर पिशव्या. तिसऱ्या रांगेच्या टोकाला पांढऱ्या केसांची एक बाई उभी राहिली आणि तिनं हात वर केला. तिचं हात वर करणं स्तोयनासारखं होतं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला तिनं काहीतरी सांगितलं, तसा तो उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं पाहून त्याची रांग उठली. मग मागची.

टाळ्या थांबायला वेळ लागला. एव्हलोगी माइकसमोर आला. प्रास्ताविक त्यानं थोडक्यात केलं आणि मग हरलांपीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हरलांपीदादा, तुम्ही त्या दिवशी त्यांना नाही म्हणालात. खरं ना?"

हरलांपीनं मान हलू दिली नाही. तो उठला, माइकपर्यंत चालत गेला आणि त्यानं पाणी मागितलं. पाणी आलं. ते पिऊन त्यानं ग्लास खाली ठेवला. घसा ठीक होता.

भाषण कोटाच्या उजव्या खिशात होतं, पत्र डाव्या. अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. त्यानं चष्मा लावला आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाकडे पाहिलं. नेवेना अजून उभीच होती.